जातो आणि जास : क्रियापद चालते कसे?

पारोळ्याच्या एस. टी. स्टँडवर धुळ्याकडे जाणारी गाडी लागली, म्हणजे दोन तऱ्हांचे बोलणे एकाच वेळी कानावर पडते. एखादा तरुण ओळखीच्या वडीलधाऱ्या गृहस्थांना विचारतो, 'कथा जाई राहिनात, आबा?' आबा सांगतात, 'धुळे जास रे भाऊ.' शेजारी उभ्या असलेल्या गुरुजींना कोणी तेच विचारले तर ते म्हणतात, 'धुळ्याला जातो.' गाडी एक, गाव एक आणि जाणेही एकच. पण एकाच्या तोंडी क्रियापद झाले 'जास' आणि दुसऱ्याच्या तोंडी 'जातो'.

आता हाच 'जास' शाळेत जातो तेव्हा काय होते? पहिलीतले पोर उभे राहून म्हणते, 'गुरुजी, मी घर जास.' वर्गात हशा पिकतो. पोर ओशाळते आणि खाली बसते. पुढे आठ दिवस ते तोंड उघडीत नाही. आपण म्हणतो, मुलाला भाषा येत नाही. खरोखर येत नाही का? की त्याला एक भाषा पुरती येते आणि आपण तिच्याकडे पाहिलेच नाही? हा प्रश्न शिक्षकांचा आहे तसाच आईबापांचाही आहे, म्हणून आज क्रियापदाविषयी थोडे सविस्तर बोलू. विषय व्याकरणाचा असला तरी बिचकू नका. यातले सारे काही आपण रोज तोंडाने करीतच असतो.

आधी क्रियापद 'चालवणे' म्हणजे काय ते पाहू. 'जा' हा धातू घ्या. नुसत्या 'जा'वरून कोण जाणार, केव्हा जाणार, काहीच कळत नाही. त्याला शेपूट जोडले की बातमी पुरी होते. मी जातो, मी जाते, तू जातोस, तू जातेस, तो जातो, ती जाते, आम्ही जातो, तुम्ही जाता, ते जातात, त्या जातात. या शेपटाला व्याकरणात प्रत्यय म्हणतात. या इवल्याशा प्रत्ययाच्या पोटात तीन गोष्टी असतात. बोलणारा, ऐकणारा की तिसराच कोणी, हा पुरुष. एक की अनेक, हे वचन. बाई की बुवा, हे लिंग. 'येतेस का?' एवढे दोनच शब्द भिंतीपलीकडून ऐकू आले तरी पलीकडे कोणी मुलगी किंवा बाई आहे आणि बोलणारा तिला 'तू' म्हणतो, हे आपल्याला कळते.

आता अहिराणी चालवून पाहू. गावागणिक उच्चारात थोडाफार फरक पडतो, पण सर्वसाधारण ठेवण अशी आहे: मी जास, तू जास, तो जास, ती जास. आम्ही जातस, तुम्ही जातस, त्या जातस. म्हणजे रूपे दोनच. एकाला 'जास', अनेकांना 'जातस'. पुरुष कोणता हे प्रत्यय सांगत नाही. ते 'मी', 'तू' या शब्दांवरून किंवा समोर कोण उभे आहे त्यावरून कळते. बाई की बुवा हेही तो सांगत नाही. येथे कोणी म्हणेल, 'पाहा, अहिराणीत लिंगभेद नाही, म्हणजे ही अपुरी भाषा.' थांबा. घाई करू नका. पुस्तकी मराठीचाच भविष्यकाळ चालवा बरे. मी जाईन, तू जाशील, तो जाईल, ती जाईल. बाई की बुवा, कळले का? नाही. वर्तमानकाळाच्या अनेकवचनातही 'आम्ही जातो' हे पुरुषही म्हणतात आणि बायकाही म्हणतात. म्हणजे लिंग न दाखवणे ही गोष्ट मराठीच्या घरातही आहे. ती उणीव असेल, तर ती दोन्ही घरांची.

एखादी तिसरीच भाषा आरशासारखी समोर धरली, म्हणजे आपला चेहरा नीट दिसतो. त्यासाठी आपण दूरची इटालियन भाषा घेऊ. शाळा-कॉलेजांत क्रियापदे चालवून चालवून विद्यार्थ्यांचा घाम काढणारी म्हणून तिची ख्याती आहे. पोहोचणे याला त्या भाषेत 'आरिवारे' म्हणतात. ते असे चालते: आरिवो म्हणजे मी पोहोचतो, आरिवी म्हणजे तू, आरिवा म्हणजे तो किंवा ती. आरिव्यामो आम्ही, आरिवाते तुम्ही, आरिवानो ते. सहा पुरुषांना सहा वेगळी शेपटे. म्हणून 'मी', 'तू' हे शब्द गाळले तरी तिथे अडत नाही. पण बाई की बुवा हे मात्र त्या सहाही रूपांत कळत नाही. इटलीतला शेतकरी आणि त्याची बायको दोघेही 'आरिवो'च म्हणणार, जसे आपल्याकडे आबा आणि माय दोघेही 'जास'च म्हणतात.

आता गंमत पुढे आहे. हीच इटालियन भाषा भूतकाळात शिरली की लिंगभेद दाखवू लागते. तो पोहोचला म्हणजे 'ए आरिवातो', ती पोहोचली म्हणजे 'ए आरिवाता'. आणि अहिराणी? तो गया, ती गयी. तो उना, ती उनी. वर्तमानात लिंग नाही आणि भूतकाळात आहे, ही दोन्हीकडची रीत अगदी एकसारखी! पारोळ्याने ती इटलीकडून घेतली नाही आणि इटलीने पारोळ्याकडून घेतली नाही. कारण निराळे आहे. भूतकाळाची ही रूपे मुळात विशेषणे होती. संस्कृतात 'गतः', 'गता', 'गतम्' अशी तिन्ही लिंगांची रूपे होतात, तसाच प्रकार लॅटिनमध्ये होता. विशेषण म्हटले की ते नामाच्या लिंगाप्रमाणे बदलणारच. काळा बैल, काळी गाय, तसेच गेला बैल, गेली गाय. विशेषणाचे क्रियापद झाले, पण जुनी सवय सुटली नाही. मराठीच्या 'जातो-जाते' या वर्तमानकाळालाही अशाच विशेषणाचे मूळ आहे, म्हणून तिथेही लिंग दिसते. 'जास'ची घडण निराळी, म्हणून तिथे ते दिसत नाही.

भूतकाळात आणखी एक खुबी आहे आणि ती मराठी व अहिराणी दोघींनी जपली आहे. 'मी आंबा खाल्ला', पण 'मी भाकरी खाल्ली'. खाणारा तोच, तरी क्रियापद बदलले, कारण ते खाणाऱ्याचे न ऐकता खाल्लेल्या वस्तूचे ऐकते. याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. परदेशी माणसाला मराठी शिकताना हे फार जड जाते. आता अहिराणी ऐका: 'मी आंबा खादा', 'मी भाकर खादी'. तोच नियम, तीच अचूकता. चार वर्षांचे पोर घरात 'भाकर खादी' म्हणते तेव्हा ते कर्मणी प्रयोग बिनचूक चालवीत असते. शाळेत यायच्या आधीच एवढे व्याकरण त्याच्या जिभेवर बसलेले असते.

मग फरक कुठे आहे? फरक प्रत्ययाच्या अक्षरात आहे आणि तोही शिस्तीचा आहे. मराठीत भूतकाळाला 'ल' लागतो, अहिराणीत बहुतेक ठिकाणी 'न' लागतो. पडला – पडना, हसला – हासना, बसला – बठना, आला – उना. काही क्रियापदे या रांगेत बसत नाहीत: खादा, पिधा, लिधा, दिधा. शेजारच्या गुजरातीत यांची सख्खी भावंडे सापडतात: खाधुं, पीधुं, लीधुं, दीधुं. आपल्या जुन्या मराठी ग्रंथांतही 'दिधले' हे रूप आहेच. आणि अपवाद मराठीत कमी आहेत का? 'जा'चे 'गेला', 'कर'चे 'केला' होते, तिथे आपण कोणाला हसतो?

भविष्यकाळही असाच ऐका. मी जासू, तू जाशी, तो जाई. आम्ही जासूत, तुम्ही जाशात, त्या जातीन. इथला 'स' आणि 'श' पुन्हा गुजरातीच्या 'जईश', 'जशे' या रूपांची आठवण करून देतो. खानदेश हा पूर्वीपासून वाटेवरचा मुलूख. सुरतेकडून येणारी वाट इथूनच वऱ्हाडाकडे जाई. भाषेवर त्या शेजाराच्या खुणा राहिल्या आहेत.

पण शिक्षक मित्रहो, इथे एक खाचखळगा आहे आणि तो मला आपल्याला मुद्दाम दाखवायचा आहे. मराठीच्या पुस्तकात वाक्य येते, 'राजा रोज शिकारीला जाई.' हा रीतिभूतकाळ. पूर्वी राजा जात असे, असा त्याचा अर्थ. पण अहिराणी घरातल्या मुलाच्या कानाला 'जाई' म्हणजे 'जाईल'! 'काय व्हई?' म्हणजे 'काय होईल?' हे ते रोज घरात ऐकते. म्हणजे पुस्तकातला मेलेला राजा त्याच्या मनात उद्या शिकारीला निघतो. गोष्टीखालच्या प्रश्नाचे उत्तर चुकते आणि आपण शेरा मारतो, 'वाचन समजत नाही.' मूल मंद नसते. त्याने आपल्या भाषेच्या नियमाने अगदी बरोबर अर्थ लावलेला असतो. एक वाक्य सांगितले की काम भागते: 'बाळ, घरी आपण जाई म्हणतो ते उद्याचे, पुस्तकात जाई म्हणतात ते पूर्वीचे.' एवढे सांगायला दोन्हींकडची रूपे शिक्षकाला ठाऊक हवीत, इतकेच.

आता काळाकडून अर्थाकडे वळू. क्रिया केव्हा घडली हे काळ सांगतो. बोलणाऱ्याच्या मनात काय आहे हे 'अर्थ' सांगतो. शाळेच्या व्याकरणात चार अर्थ येतात. 'पाऊस पडला' ही नुसती हकीकत, हा स्वार्थ. 'पेरणी कर' ही आज्ञा आणि 'पाऊस पडो' ही प्रार्थना, हा आज्ञार्थ. 'पाऊस पडावा', 'मुलाने शाळेत जावे' ही इच्छा किंवा कर्तव्य, हा विध्यर्थ. 'पाऊस वेळेवर पडला असता तर कपाशी वाचली असती' हा संकेतार्थ. त्यात अट आहे आणि हळहळही आहे. अहिराणीलाही हे सारे सांगता येते. 'जाय' ही आज्ञा झाली, 'जावाले जोयजे' म्हणजे जायला पाहिजे. साधने निराळी, मनातला भाव तोच.

इटालियन भाषेतही हकीकतीचे रूप वेगळे आणि आशेचे, शंकेचे रूप वेगळे. 'आरिवा' म्हणजे तो पोहोचतो. तो पोहोचावा अशी आशा आहे, असे म्हणायचे झाले की 'आरिवी'. शेवटचा एक स्वर बदलला आणि हकीकतीची आशा झाली. बोलण्याच्या ओघात तिकडची माणसेही पुष्कळदा आशेच्या जागी हकीकतीचे रूप वापरतात, आणि तिकडचे शुद्धलेखनवाले त्यांच्यावर डोळे वटारतात. म्हणजे हे दुखणे केवळ आपल्या गावचे नाही!

आपल्याकडे रूप आणि अर्थ यांची फारकत पाहायची असेल तर हाक मारून पाहा. घरात कोणी बोलावले की आपण म्हणतो, 'आलोच!' रूप भूतकाळाचे, पण आपण अजून जागचे हाललेले नसतो. 'उद्या जळगावला जातो' यात रूप वर्तमानाचे, काम उद्याचे. म्हणूनच मराठी व्याकरणकारांनी काळाच्या नावाबरोबर रूपावरूनही नावे दिली. 'त'चे ते ताख्यात, 'ल'चे ते लाख्यात, 'व'चे ते वाख्यात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 साली निघाले आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली. या थोर मंडळींनी पुस्तकी मराठीचे एकेक रूप असे पारखून ठेवले आहे.

शेतकरी बंधूंना वाटेल, हे सारे मास्तरांचे काम, आम्हाला त्याचे काय? तर तुमच्या हातातला कागद पाहा. अर्जात लिहितात, 'रक्कम मिळावी.' आश्वासनात लिहितात, 'रक्कम मिळेल.' आणि पावतीत लिहितात, 'रक्कम मिळाली.' धातू एकच, 'मिळ'. फरक एका अक्षराचा. पण 'मिळावी'वर सही केली तर ती मागणी, आणि 'मिळाली'वर अंगठा उठवला तर पैसे हाती पडोत न पडोत, ते पोहोचले अशी आपण लेखी कबुली दिली. 'कर्ज फेडले आहे', 'कर्ज फेडीन' आणि 'कर्ज फेडावे' या तीन वाक्यांत घर राहण्याचा किंवा जाण्याचा फरक पडू शकतो. म्हणून कागदावर सही करण्यापूर्वी शेवटचा शब्द वाचा, त्या शब्दाचेही शेवटचे अक्षर वाचा. मराठी वाक्याचा सारा जीव बहुधा तिथे असतो. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या आणि तिला विचारा, 'बाई, हे झाले म्हणतात, होईल म्हणतात की व्हावे म्हणतात?'

याच कारणासाठी मी असे म्हणणार नाही की अहिराणी आहे तर पुस्तकी मराठी नको. कचेरी, बँक, कोर्ट, परीक्षा यांचे व्यवहार पुस्तकी मराठीत चालतात. ती ज्याला येणार नाही, त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागेल. मुलाला ती आलीच पाहिजे आणि चांगली आली पाहिजे. प्रश्न एवढाच की ती कोणत्या वाटेने येईल. घरची भाषा हिणवून, की तिचाच हात धरून?

इटलीचा दाखला इथे पुन्हा उपयोगी पडतो. ज्याला आपण इटालियन म्हणतो ती मुळात फ्लॉरेन्सकडची, तस्कनी प्रांतातली बोली. दांते या कवीने चौदाव्या शतकात तिच्यात महाकाव्य रचले आणि ती मोठी झाली. देश एक झाला तो 1861 मध्ये, आणि तेव्हा बहुतेक लोक घरात आपापल्या प्रांताचीच बोली बोलत. शंभर वर्षांनंतरही खेड्यातली पोरे शाळेत भाषेपायी नापास होत होती. फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातल्या बार्बियाना या वस्तीत लोरेन्झो मिलानी नावाच्या पाद्र्याने अशा मुलांची शाळा चालवली. तिथल्या मुलांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून पत्ररूप पुस्तक लिहिले, ते 1967 मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. ज्याला शाळेची सर्वांत जास्त गरज, त्यालाच शाळा बाहेर घालवते, ही त्या मुलांची तक्रार होती. आणि मिलानींचा आग्रह असा की गरिबाच्या मुलाला भाषेवर पूर्ण हुकमत मिळाली तरच तो इतरांच्या बरोबरीने उभा राहील.

आपल्याकडे भाषापंडितांत अहिराणीच्या नात्यागोत्याविषयी वाद आहेत. ग्रियर्सन साहेबांनी 1907 साली आपल्या पाहणीत खानदेशीला भिल्ली भाषांच्या खंडात बसवले. कोणी तिला मराठीची बोली म्हणतात. 2011 च्या जनगणनेत खानदेशी वेगळी मोजली गेली आणि अठरा लाखांहून अधिक लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. तो वाद पंडितांकडे राहू द्या. वर्गात बसलेल्या मुलाला त्याची गरज नाही. त्याच्या क्रियापदांना नियम आहेत, एवढे कळले तरी शिक्षकाचे काम निम्मे होते. आणि नियम माहीत असायला अक्षरओळख लागतेच असे नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची बोली अहिराणीहून निराळी, लेवा घरांतली. पण 1952 साली त्यांची गाणी छापली गेली आणि साऱ्या महाराष्ट्राने त्या बोलीपुढे मान तुकवली.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, एक सोपी गोष्ट करून पाहा. तिला साहित्य लागत नाही, फळा आणि खडू पुरे. फळ्यावर मध्ये रेघ ओढा. डावीकडे लिहा 'घरी', उजवीकडे लिहा 'पुस्तकात'. मुलांनाच विचारा. पडना – पडला, हासना – हसला, बठना – बसला. चारपाच जोड्या झाल्या की मागच्या बाकावरचे एखादे पोर आपण होऊन ओरडेल, 'गुरुजी, आपला न, त्यास्ना ल!' तो क्षण वाया जाऊ देऊ नका. त्या मुलाने नियम शोधला आहे, आणि व्याकरण म्हणतात ते याहून वेगळे काही नाही. दुसऱ्या दिवशी 'जासू – जाईन' घ्या, तिसऱ्या दिवशी त्या फसव्या 'जाई'ची जोडी लावा. वहीत 'मी जास' आढळले तर लाल शाईने फुली मारू नका. शेजारी 'मी जातो' किंवा मुलगी असेल तर 'मी जाते' असे लिहा आणि म्हणा, 'हे घरचे, हे पुस्तकातले.'

आणि आईबापांनो, पोराची भाषा सुधारावी म्हणून घरात ओढूनताणून पुस्तकी बोलू नका. शेतातली, चुलीपाशीची, लग्नकार्यातली आपली बोली त्याच्या कानावर भरपूर पडू द्या. ज्याला एक भाषा भरघोस येते त्याला दुसरी लवकर येते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही लहान मुलांच्या शिक्षणात घरच्या भाषेला मान द्यावा असे सांगितले आहे. पण सरकारने सांगायची वाट कशाला पाहावी? उद्या सकाळी शाळा भरेल, एखादे पोर उभे राहून 'मी जास' म्हणेल. त्या वेळी कोणी हसू नये, एवढे तर आपल्या हाती आहे.